रास्पबेरी पायसाठी वेब-आधारित प्रणाली-निरीक्षक

वेब-आधारित प्रणाली-निरीक्षक म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरवरील भार, मेमरी, तापमान, साठवण आणि नेटवर्कवरील वाहतूक यांसारख्या बाबी ठरावीक अंतराने मोजून त्या वेबपानाच्या रूपाने दाखवणारी आज्ञावली होय. रास्पबेरी पाय हा एकाच मुद्रित फलकावर सामावलेला लहान संगणक बहुधा पडदा, कळफलक व माउस न जोडता वापरला जातो. तो कपाटात, गच्चीवर, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात किंवा राउटरशेजारी महिनोन्‌महिने चालू असतो. अशा संगणकाची प्रकृती जाणून घेण्याचा सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे त्याच नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाच्या किंवा मोबाइलच्या ब्राउझरमधून पाहणे. त्यासाठी पाहणाऱ्याच्या उपकरणावर वेगळे काही बसवावे लागत नाही. असा निरीक्षक स्वतः तयार करणे हा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेला प्रकल्प आहे, कारण त्यात कार्यप्रणाली, वेब-सर्व्हर आणि ब्राउझर या तिन्हींची ओळख एकाच वेळी होते.

पार्श्वभूमी

रास्पबेरी पाय फाउंडेशन ही ब्रिटनमधील धर्मादाय संस्था २००९ मध्ये स्थापन झाली. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रोग्रॅमिंगचा अनुभव कमी होत चालला आहे, हे एबन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले होते. मुलांना निर्धास्तपणे हाताळता येईल असा स्वस्त संगणक तयार करणे हा संस्थेचा हेतू होता. पहिला फलक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. त्याची किंमत ३५ डॉलर, मेमरी २५६ मेगाबाइट आणि प्रोसेसरचा वेग ७०० मेगाहर्ट्‌झ होता. २०१९ मधील रास्पबेरी पाय ४ मध्ये १.५ गिगाहर्ट्‌झचे चार कोअर, तर २०२३ मधील रास्पबेरी पाय ५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचे चार कोअर आहेत. या फलकांवर मुख्यतः डेबियन लिनक्सवर आधारित रास्पबेरी पाय ओएस ही कार्यप्रणाली चालते. २०२० पूर्वी ती रास्पबियन या नावाने ओळखली जात असे.

माहितीचा उगम

प्रणाली-निरीक्षक स्वतः फारसे काही मोजत नाही. मोजमाप कर्नल करतो आणि निरीक्षक ते केवळ वाचतो. लिनक्समध्ये ही माहिती 'प्रॉक' व 'सिस' या दोन निर्देशिकांत फाइलींच्या स्वरूपात मिळते. या फाइली मेमरी कार्डावर कोठेही साठवलेल्या नसतात. एखादी फाइल उघडून वाचली की त्याच क्षणी कर्नल तिचा मजकूर तयार करून देतो. चालू प्रक्रिया फाइलींच्या रूपात दाखवण्याची ही कल्पना १९८४ च्या सुमारास टॉम किलियन यांनी युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत आणली आणि लिनक्सने ती पुढे बरीच विस्तारली. यामुळे साधी मजकूर-फाइल वाचता येणारी कोणतीही प्रोग्रॅमिंग भाषा निरीक्षक लिहिण्यास पुरेशी ठरते. प्रत्यक्षात बहुतेक जण पायथन वापरतात. पायथनसाठी 'पीएसयूटिल' ही तयार लायब्ररी असून तीही लिनक्सवर अखेर याच फाइली वाचते.

प्रोसेसरचा वापर 'प्रॉक' निर्देशिकेतील 'स्टॅट' या फाइलीत असतो, मात्र तो टक्क्यांत नसतो. संगणक सुरू झाल्यापासून प्रोसेसरने कोणत्या कामात किती वेळ घालवला याची बेरीज तेथे असते. तिचे एकक सहसा सेकंदाचा शंभरावा भाग असते व त्याला टिक म्हणतात. केवळ एकदा वाचून टक्केवारी काढली तर ती संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, आताची नव्हे. म्हणून दोन वाचने घेऊन त्यांतील फरक काढावा लागतो.

समजा, चार कोअरच्या फलकावर पहिल्या वाचनात एकूण टिक १२,५०,००० असून त्यांपैकी रिकामे टिक ११,००,००० आहेत. दोन सेकंदांनंतर एकूण टिक १२,५०,८०० आणि रिकामे ११,००,६०० झाले. चार कोअर, दोन सेकंद व सेकंदाला शंभर टिक, असा एकूण फरक ८०० चा येतो, तो बरोबर आहे. त्यांतील ६०० टिक रिकामे गेले, म्हणजे २०० कामात गेले. वापर २५ टक्के ठरतो. हा एक कोअर पूर्ण गुंतलेला असण्याएवढा भार आहे. पहिल्याच वाचनावरून उत्तर काढले असते तर १२ टक्के आले असते. 'पीएसयूटिल'मधील टक्केवारीचे फलन, त्याला थांबण्याचा कालावधी दिला नसेल तर, पहिल्या वेळी शून्य परत करते, त्याचेही कारण हेच होय. तुलना करण्यासाठी आधीचे वाचन त्याच्याजवळ नसते.

याच फाइलीत 'आयओ-वेट' नावाचा एक स्तंभ असतो. मेमरी कार्डाकडून माहिती येण्याची वाट पाहण्यात गेलेला रिकामा वेळ त्यात मोजला जातो. हा वेळ 'व्यस्त' समजून बेरजेत घेतला तर संथ कार्ड असलेला संगणक प्रोसेसरने दमलेला भासतो. तो रिकाम्या वेळेत धरणे आणि शक्य असल्यास पानावर वेगळा दाखवणे अधिक योग्य आहे.

'लोडॲव्हरेज' या फाइलीतील पहिले तीन आकडे अनुक्रमे गेल्या १, ५ व १५ मिनिटांचा सरासरी भार दर्शवतात. येथे 'भार' हा शब्द फसवा आहे. लिनक्समध्ये त्यात केवळ प्रोसेसरसाठी रांगेत असलेल्या प्रक्रियाच नव्हे, तर साठवणीच्या उत्तराची वाट पाहत अडकून पडलेल्या प्रक्रियाही मोजल्या जातात. चार कोअरच्या फलकावर भार ४.०० असणे म्हणजे सर्व कोअर गुंतलेले असण्याची शक्यता आहे. मात्र भार ६.०० आणि प्रोसेसरचा वापर अवघा १० टक्के असे चित्र दिसल्यास दोष बहुधा प्रोसेसरकडे नसून मेमरी कार्ड, बाह्य डिस्क किंवा नेटवर्कवरील साठवण यांपैकी कशात तरी असतो. हे दोन आकडे पानावर शेजारीशेजारी ठेवण्याचा हा मोठा लाभ आहे.

मेमरीबाबत सर्वाधिक गैरसमज होतो. 'मेमइन्फो' या फाइलीतील 'मेमफ्री' हा आकडा पाहून मेमरी संपत आल्याची भीती वाटते. वास्तविक लिनक्स वापरात नसलेली मेमरी अलीकडे वाचलेल्या फाइलींच्या प्रती ठेवण्यासाठी वापरतो आणि गरज पडताच ती मोकळी करतो. नव्या आज्ञावलीला सुमारे किती मेमरी मिळू शकेल याचा अंदाज 'मेमअव्हेलेबल' हा आकडा देतो. तो २०१४ मध्ये लिनक्स कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. एक गिगाबाइट मेमरीच्या फलकावर पहिला आकडा ६० मेगाबाइट व दुसरा ६०० मेगाबाइट असणे अगदी निरोगी लक्षण आहे. निरीक्षकाने दुसरा आकडाच वापरावा.

साठवणीच्या आकड्यांत एककांचा घोळ होतो. ३२ गिगाबाइट असे छापलेले कार्ड निरीक्षकात २९.८ दिसते, कारण उत्पादक १००० च्या पटीत मोजतो आणि अनेक आज्ञावल्या १०२४ च्या पटीत. शिवाय 'ईएक्सटी४' या फाइल-प्रणालीत साधारणतः पाच टक्के जागा मुख्य वापरकर्त्यासाठी राखीव असते. त्यामुळे 'वापरलेली' व 'उपलब्ध' यांची बेरीज 'एकूण' एवढी भरत नाही.

तापमान आणि वीजपुरवठा

सर्वसाधारण संगणकाच्या निरीक्षकात या दोन बाबी दुय्यम असतात, पण रास्पबेरी पायसाठी त्याच मुख्य मानाव्या लागतील. तापमान 'सिस' निर्देशिकेतील 'थर्मल झोन शून्य' या विभागात अंशाच्या हजाराव्या भागात मिळते. तेथे ५४७६८ असे लिहिलेले असल्यास तापमान ५४.८ अंश सेल्सिअस आहे. ८० अंशांच्या जवळ फलक स्वतःचा वेग कमी करू लागतो आणि ८५ अंशांना तो अधिक कडकपणे आवरतो. रास्पबेरी पाय ३ बी प्लस या मॉडेलमध्ये तर ६० अंशांनाच वेग १.४ वरून १.२ गिगाहर्ट्‌झवर आणण्याची सोय आहे. मोजले जाते ते चिपच्या आतील तापमान असते, खोलीचे नव्हे. तरीही खोलीचे तापमान वाढले की चिपचेही वाढते. विदर्भात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेथे बंद डबीत ठेवलेल्या फलकाला थंड हवामानातील फलकापेक्षा कितीतरी कमी वाव उरतो. म्हणून कोणत्या अंशाला पानावरील आकडा लाल करावा हे स्थळ पाहून ठरवावे.

विजेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. फलकाला मिळणारा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की बहुतेक मॉडेले त्याची नोंद घेतात. मोबाइलचा जुना चार्जर किंवा लांब व बारीक तारेची यूएसबी केबल हे याचे नेहमीचे कारण असते. चार्जरवर ५ व्होल्ट छापलेले असले, तरी भार वाढताच तारेतच दाब घटतो. पडदा जोडलेला असेल तर अशा वेळी त्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह उमटते. पडदाच नसलेल्या फलकावर ही सूचना पाहणारे कोणी नसते. परिणामी फलक अधूनमधून अडखळतो, यूएसबीवरील डिस्क तुटते, आणि लिहिण्याच्या क्षणीच दाब कोसळला तर कार्डावरील फाइली बिघडतात. वर्षभर जमवलेल्या हवामानाच्या नोंदी अशा प्रकारे नाहीशा होऊ शकतात आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो.

ही माहिती 'व्हीसीजेनकमांड' या आज्ञेच्या 'गेट थ्रॉटल्ड' या पर्यायातून मिळते. उत्तर एका षोडशमान संख्येच्या रूपात येते व तिचा प्रत्येक द्विमान अंक एकेका घटनेचा निदर्शक असतो. अंकांची मोजणी उजवीकडून शून्यापासून केली, तर शून्यावा अंक 'आता दाब कमी आहे', पहिला 'वेगावर मर्यादा आहे', दुसरा 'वेग आता कमी केलेला आहे' आणि तिसरा 'तापमानाची सौम्य मर्यादा लागू आहे' असे सांगतो. सोळा ते एकोणीस हे अंक त्याच चार घटना फलक सुरू झाल्यापासून कधीतरी घडून गेल्याचे सांगतात. उत्तर ५०००० असे आले तर सोळावा व अठरावा अंक एक आहे, म्हणजे या क्षणी सर्व ठीक आहे, परंतु मध्यंतरी दाब पडला होता आणि वेगही कमी झाला होता. ५०००५ आले तर तीच स्थिती आताही आहे. फलक पुन्हा सुरू करताच ही स्मृती पुसली जाते. 'काही बिघडले की आधी बंद करून चालू करा' या सवयीने नेमका हा पुरावा नष्ट होतो. म्हणून निरीक्षकाने हा आकडा पानावर ठळक दाखवावा. तो शून्य नसेल तेव्हा मूळ संख्येऐवजी 'मध्यंतरी वीजदाब कमी झाला होता' असे वाक्य लिहावे.

रचना

निरीक्षकाचे तीन भाग असतात: आकडे गोळा करणारा संग्राहक, ते मागणाऱ्याला देणारा सर्व्हर आणि ब्राउझरमध्ये चालणारे पान. सर्व्हरसाठी पायथनमधील फ्लास्क ही लहान चौकट वारंवार वापरली जाते. एका पत्त्यावर पान आणि दुसऱ्या पत्त्यावर जेसन स्वरूपातील आकडे, एवढे दोनच पत्ते पुरतात. फ्लास्कचा अंगभूत सर्व्हर ५००० क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि मुळात फक्त त्याच संगणकाला उत्तर देतो. इतर उपकरणांवरून पान दिसण्यासाठी त्याला सर्व जोडण्यांवर ऐकण्यास सांगावे लागते. नवशिक्याचा प्रकल्प बहुधा याच टप्प्यावर अडतो. हा अंगभूत सर्व्हर विकासाच्या काळापुरता असून कायमच्या वापरासाठी स्वतंत्र सर्व्हर घ्यावा, असे फ्लास्कच्या कर्त्यांनीच सांगितले आहे.

पानाची मागणी येताच आकडे वाचून उत्तर देणे ही रचना सुचण्यास सोपी, पण सदोष आहे. तीन जणांनी पान उघडले तर काम तिप्पट होते, आणि 'व्हीसीजेनकमांड' प्रत्येक वेळी नवी प्रक्रिया म्हणून सुरू करावी लागत असल्याने एका कोअरच्या लहान फलकावर निरीक्षक स्वतःच भार होऊन बसतो. त्याऐवजी पार्श्वभूमीत चालणाऱ्या एकाच धाग्याने दर दोन किंवा पाच सेकंदांनी आकडे गोळा करावेत, आणि सर्व्हरने सर्वांना तीच तयार प्रत द्यावी. मग पाहणारे कितीही असले तरी मोजमापाचा खर्च तेवढाच राहतो. पानातील जावास्क्रिप्टने ठरावीक अंतराने आकडे मागवावेत आणि पान दृष्टीआड गेल्यास मागणे थांबवावे. सतत जोडणी ठेवणारे वेबसॉकेट हे तंत्रही उपलब्ध आहे, परंतु दोन सेकंदांनी बदलणाऱ्या दहा-बारा आकड्यांसाठी त्याची आवश्यकता नाही.

वीज गेल्यानंतर निरीक्षक आपोआप सुरू व्हावा यासाठी तो 'सिस्टमडी'च्या सेवेच्या रूपात नोंदवतात. बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याची सूचनाही तेथेच देता येते. ही सेवा मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवू नये. साधा वापरकर्ता पुरतो, फक्त 'व्हीसीजेनकमांड'साठी तो 'व्हिडिओ' या गटात असावा लागतो.

शिळे आकडे

निरीक्षक ज्या संगणकावर नजर ठेवतो त्याच संगणकावर तो चालतो. फलक गोठला की निरीक्षकही गोठतो आणि ब्राउझरमध्ये शेवटचे आकडे तसेच राहतात: तापमान ४८ अंश, मेमरी पुरेशी, सर्व हिरवे. हे पान काहीही न दाखवणाऱ्या पानापेक्षा अधिक धोकादायक आहे. सर्व्हर चालू असताना संग्राहकाचा धागा बंद पडला तरी हेच घडते. म्हणून सर्व्हरने प्रत्येक उत्तरासोबत आकडे किती सेकंदांपूर्वीचे आहेत हे कळवावे, आणि उत्तर आले नाही किंवा आकडे जुने झाले तर पानाने ते करडे करून तसे स्पष्ट लिहावे.

हे वय मोजण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ वापरता येत नाही. रास्पबेरी पाय ५ पूर्वीच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, आणि ५ मध्येही त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज जाऊन आली की फलक जुन्या वेळेपासून सुरू होतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळताच एकदम काही तास पुढे उडी घेतो. या उडीच्या वेळी दोन वाचनांमधील अंतर घड्याळावरून काढले तर नेटवर्कचा वेग निरर्थक येतो. अशा हिशेबांसाठी कधीही मागे-पुढे न उडणारे 'मोनोटॉनिक' घड्याळ वापरतात. पायथनमध्ये ते तयार मिळते.

नोंदी आणि कार्डाची झीज

आलेख काढण्यासाठी जुने आकडे साठवावे लागतात. दर पाच सेकंदांनी कार्डावर एक ओळ लिहिली तर दिवसाला १७,२८० वेळा लेखन होते. मेमरी कार्डातील प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, आणि लहानशा ओळीसाठीही प्रत्यक्षात बराच मोठा कप्पा हाताळला जातो. म्हणजे ज्या कार्डाचे आरोग्य पाहायचे त्याचीच झीज निरीक्षक घडवतो. दर मिनिटाला एक याप्रमाणे चोवीस तासांची १,४४० वाचने मेमरीतच ठेवणे हा साधा उपाय आहे. प्रत्येक वाचनात आठ संख्या व प्रत्येक संख्येस आठ बाइट धरले तर हे सारे ९२,१६० बाइटांत मावते. नवे वाचन आले की सर्वांत जुने गाळायचे. टोबियास ओटिकर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेले 'आरआरडीटूल' हे साधन याच चक्राकार तत्त्वावर उभे आहे. त्याची फाइल कितीही वर्षे चालली तरी आकाराने वाढत नाही. मेमरीतील नोंदी वीज जाताच पुसल्या जातात. जेथे त्या हव्याच असतील तेथे तासाभराचा सारांश एकदाच कार्डावर लिहावा किंवा दुसऱ्या संगणकाकडे पाठवावा.

सुरक्षा

निरीक्षकाचे पान निरुपद्रवी वाटते, पण त्यात बरेच काही उघड होते. चालू प्रक्रियांची यादी त्यांच्या पूर्ण आज्ञांसह दाखवली तर एखाद्या आज्ञेत लिहिलेला पासवर्डही सर्वांना वाचता येतो. म्हणून प्रक्रियेचे केवळ नाव दाखवावे. राउटरमध्ये पोर्ट उघडून हे पान थेट इंटरनेटवर ठेवू नये. बाहेरून पाहायचे असल्यास व्हीपीएन किंवा एसएसएचचा बोगदा वापरावा. 'पाय' हे वापरकर्तानाव आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड सर्व फलकांवर ठरलेला असण्याची पद्धत एप्रिल २०२२ मध्ये बंद झाली, मात्र त्यापूर्वी बसवलेल्या कार्यप्रणालीत तो अजूनही असू शकतो.

पानावर 'पुन्हा सुरू करा' असे बटण ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. ते साध्या दुव्याच्या रूपात असेल, तर पानावरील दुवे आधीच उघडून ठेवणारी एखादी आज्ञावली कोणी न दाबताही फलक बंद-चालू करू शकते. असे बटण पासवर्डमागे व 'पोस्ट' प्रकारच्या विनंतीनेच चालावे. पाहण्याचे साधन केवळ पाहण्यापुरते ठेवणे हे याहून बरे.

मराठी पान

पान मराठीत करणे कठीण नाही. पानाची भाषा मराठी असल्याचे नमूद करून अक्षरसंकेत यूटीएफ-८ ठेवला की पुरे. आकडे देवनागरीत हवे असतील तर जावास्क्रिप्टमधील संख्या-मांडणीच्या सोयीला मराठी भारत हा स्थळसंकेत दिल्यास ती १२५०८०० ही संख्या '१२,५०,८००' अशी लिहून देते. हे रूपांतर अगदी शेवटी, दाखवतानाच करावे. जेसनच्या व्याकरणात संख्या केवळ आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहिता येतात. सर्व्हरनेच देवनागरी अंक पाठवले तर ब्राउझर त्यांना संख्या मानणार नाही आणि आलेख निघणार नाही.

तयार साधने

स्वतः लिहिण्याची इच्छा नसल्यास 'आरपीआय-मॉनिटर' हे रास्पबेरी पाय डोळ्यांसमोर ठेवून केलेले साधन, तसेच 'नेटडेटा' आणि 'प्रोमिथियस' व 'ग्राफाना' ही जोडी वापरता येते. शेवटच्या जोडीत फलकावर केवळ आकडे देणारी लहान आज्ञावली चालते, तर साठवण व आलेख दुसऱ्या संगणकावर असतात. अनेक फलक सांभाळायचे असल्यास हीच रचना सोयीची पडते, कारण एखादा फलक निःशब्द झाला तर ते त्याच्याबाहेरच्या कोणाला तरी कळते. एकाच फलकासाठी मात्र ती अवजड आहे, आणि ५१२ मेगाबाइट मेमरीच्या रास्पबेरी पाय झिरोवर सर्व भाग एकत्र बसवणे टाळावे.